आवाराची दगडी भिंत व दाराचे दोन खांब

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने बोलावयाचे म्हणजे गत पन्नास वर्षांतील बाप्तिस्म्यांची संख्या, विवाहांची नोंद, देवळाच्या कौलांचा खर्च आणि दिवंगत मिशनरी गुरूंचे गुणवर्णन, असा परिपाठ पडून गेला आहे. तो वृत्तान्त ह्याच पुस्तिकेत अन्यत्र दिलेला आहे व तो आम्हांस साधला असता त्याहून अधिक नेटका उतरला आहे. सबब त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आज आम्ही ज्या विषयावर चार शब्द बोलणार आहो, तो ऐकून कित्येकांस हसू येईल. विषय आहे धर्मगुरुनिवासाच्या बागेभोवतीची काळ्या दगडाची भिंत, आणि तिच्या दाराचे दोन खांब.

परंतु हसू आवरावे, कारण ह्या भिंतीचा निकाल लवकरच लागावयाचा आहे. महोत्सवाची काही कायमची खूण राहावी ह्या स्तुत्य हेतूने बांधकाम समितीपुढे एक सूचना आली आहे. जुनी भिंत व खांब काढून टाकावे, त्या जागी सिमेंटची पुरुषाहून उंच भिंत घालावी, तिच्या माथ्यावर काचा बसवाव्या, आणि मोटारी सुखाने आत याव्या एवढे रुंद लोखंडी फाटक करावे, अशी ती सूचना आहे. सूचना करणारे सद्गृहस्थ धर्मग्रामाच्या हिताचीच चिंता वाहतात, ह्याविषयी आमच्या मनात लवमात्र शंका नाही. भिंतीस एके ठिकाणी पोट आले आहे, डावा खांब आत झुकला आहे, दार अरुंद आहे, आणि मागील पावसाळ्यात चार दगड रस्त्यावर आले, ही त्यांची चारही म्हणणी खरी आहेत. तथापि ह्या चार खऱ्या गोष्टींवरून जो पाचवा निष्कर्ष काढला गेला आहे, तो आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहो.

आरंभी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. घराच्या दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, माजघरात जे काही आहे ते घरच्यांचे. परंतु आवाराच्या भिंतीची बाहेरची बाजू कोणाची? मालकाने तिचे दाम मोजले असतील, पण ती पाहतो रस्त्याने जाणारा. तिच्या सावलीस तो बसतो, पाठीवरचा भारा उतरून तिच्यावर टेकवितो, आणि दाराच्या खांबांवरून तो आतल्या माणसांचा अंदाज बांधतो. घराचा जेवढा भाग परक्याच्या वाट्यास येतो, तेवढा म्हणजे ही भिंत आणि हे दार. म्हणून तिच्याविषयी निर्णय घेताना केवळ आपल्या सोयीचा विचार पुरेसा होत नाही.

आता आपण थोडे पुण्यास जाऊ. तेथील शनिवारवाडा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नेमके बोलावयाचे तर त्यांनी वाड्याची भिंत पाहिली असेल, कारण वाडा पाहिलेला मनुष्य आज हयात असणे शक्य नाही. पहिले बाजीराव पेशवे यांनी १७३० सालच्या जानेवारीच्या १० तारखेस, शनिवारी, ह्या वाड्याचा पाया घातला, आणि १७३२ सालच्या जानेवारीच्या २२ तारखेस वास्तुशांत करून त्यात वास्तव्य केले. खर्च रुपये १६,११० आला. सागवान जुन्नरच्या रानातून आणिले, दगड चिंचवडच्या खाणीतून, आणि चुना जेजुरीकडून. पुढील पेशव्यांनी भोवती तट व बुरूज उभारले, आत हौद, बागा आणि कारंजी केली. त्यांतील हजारी कारंज्याची कीर्ती आजही लोकांच्या तोंडी आहे. तटास पाच दरवाजे: उत्तरेस तोंड करून असलेला थोरला दिल्ली दरवाजा, आणि मस्तानी, खिडकी, गणेश व जांभूळ ही इतर चार.

हा तट खाली घडीव दगडाचा आणि वर विटांचा आहे. असे का, याविषयी पुण्यात एक आख्यायिका सांगतात. सगळाच वाडा दगडी करण्याचा बेत होता, पण दगडी वाड्याचा मान राजाचा आहे, प्रधानाचा नव्हे, असे साताऱ्याहून शाहू महाराजांकडून सांगणे आले, म्हणून वरचे काम विटांत केले. आख्यायिका खरी असो वा नसो, तीवरून एवढे दिसते की आपल्या लोकांनी दगडी भिंतीस केवळ आडोसा मानलेले नाही. ती कोणी बांधावी, कितपत बांधावी, ह्यास मर्यादा होती, आणि त्या मर्यादेची चर्चा रस्त्यावरचा माणूस करीत असे.

१८१८ साली पेशवाई गेली. शेवटचे बाजीराव ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८२८ सालच्या फेब्रुवारीच्या २७ तारखेस, वाड्यास आग लागली आणि ती कित्येक दिवस जळत राहिली. सागवानी खांब, तुळया, नक्षीदार छते, महिरपी, चित्रे, सारे भस्मसात झाले. मागे राहिली ती जोती, कारंज्यांचे दगड, तटाची भिंत आणि दरवाजे. आज पुण्याचा मनुष्य पाहुण्यास हात धरून नेतो आणि म्हणतो, हा शनिवारवाडा. त्याच्यापुढे असतो तो एक तट आणि एक दरवाजा. ज्या भागाकडे धन्याचे लक्ष सर्वांत कमी, जो भाग जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी म्हणून बाहेर उभा केलेला, तोच धन्याचे नाव राखून राहिला.

दिल्ली दरवाजाच्या फळ्यांस मोठमोठे अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये, ह्यासाठी ती योजना. मोठे दार नित्य उघडावयाचे नाही, म्हणून त्याच्याच एका फळीत लहान दिंडी ठेविली आहे, आणि दिंडीतून जाणाऱ्यास मान लववावी लागते. दारातून सरळ आत जाता येत नाही, वाट वळविलेली आहे. म्हणजे ते दार सर्वस्वी भयाच्या हिशेबाने बांधलेले आहे. ज्या शत्रूंचे भय होते ते गेले, ज्यांस भय होते तेही गेले. आज त्या खिळ्यांवर शाळेची मुले बोट लावून पाहतात. आम्हांस ते दृश्य मोठे हृद्य वाटते.

आपण कॅथोलिक मंडळी असल्यामुळे वसईचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली, आणि तटाच्या आत त्यांनी नगर वसविले. समुद्राकडे एक दरवाजा, भूमीकडे एक, आणि मध्ये मठ, देवळे व धनिकांचे वाडे. जपानात नागासाकी येथे १५९७ साली क्रुसावर रक्तसाक्षी झालेले, आणि १८६२ साली संतपदास पोहोचलेले संत गोन्सालो गार्सिया ह्याच वसईचे. शनिवारवाडा ज्यांनी बांधविला त्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा यांनी १७३९ साली वसई घेतली. तेथील घंटा सह्याद्रीच्या घाटांवरून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा टांगली आहे, ती त्याच विजयाची म्हणून दाखवितात. घंटा गेल्या, छपरे गेली, वाडे गेले. तटाच्या भिंती व देवळांचे दर्शनी भाग वेली अंगावर घेऊन उभे आहेत. ह्या बाबतीत जिंकणाऱ्याचा वाडा आणि जिंकल्या गेलेल्याचे नगर ह्यांची गत सारखीच झाली, हे पाहून मनुष्याने थोडा वेळ गप्प बसावे हे बरे.

असो. पुणे-वसई दूर राहिली. आपल्या भिंतीकडे वळू. ती न पेशव्यांची, न फिरंग्यांची. कोणा गृहस्थाने बंगला बांधला, बाग केली, बागेस भिंत घातली. तो बंगला पुढे मिशनकडे आला. इतिहास एवढाच. परंतु ती बांधणाऱ्या गवंड्यांस विद्या तीच होती, जी चिंचवडच्या दगडावर चालली. ती विद्या काय, हे समजल्यावाचून भिंत पाडावी की राखावी हे ठरविणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता अंत्यविधीची तयारी करणे होय.

अशी भिंत एक नसून दोन असतात. एक बाहेरच्या अंगाची, एक आतल्या अंगाची, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत खडी, चिपा व चुना ह्यांची भर. दोन्ही अंगे एकमेकांस धरून राहावी म्हणून थोड्या थोड्या अंतरावर एक लांब दगड आरपार घालतात, त्याची दोन्ही तोंडे दोहोंकडे दिसतात. भिंतीच्या माथ्यावर उताराचे दगड बसवितात, जेणेकरून पावसाचे पाणी भरीत न उतरता बाहेर गळावे. दगड आपल्या भूमीतला, काळा, कठीण. वऱ्हाडापासून पुण्यापर्यंत सारा प्रदेश ह्याच पाषाणावर बसला आहे. चुना भट्टीत भाजलेला, पाण्यात विझविलेला, आणि बैलांच्या घाणीत दगडी चाकाखाली वाळूसह मळलेला. हा चुना सावकाश घट्ट होतो, वर्षानुवर्षे हवेतून आपले बळ घेतो, आणि पूर्ण घट्ट झाल्यावरही त्यात किंचित मऊपणा राहतो. भिंत थोडी हलली तर तो तिच्याबरोबर हलतो. आत पाणी शिरले तर दरजांतून ते बाहेर येऊ देतो.

मग आपल्या भिंतीस पोट का आले? आम्ही एका जाणत्या गवंड्यास ती दाखविली. ज्या जागी पोट आहे त्याच जागी काही वर्षांपूर्वी दरजांत सिमेंट भरले होते. काम करणाऱ्याची नियत चांगली होती, दरजा मोकळ्या दिसल्या म्हणून त्याने त्या बुजविल्या. परंतु त्याने माथ्याचे दोन निखळलेले दगड मात्र तसेच ठेविले. पाणी वरून शिरत राहिले, खाली त्यास वाट उरली नाही. भरीतला चुना ते धुऊन नेऊ लागले, भर खाली बसली, आणि तिच्या भाराने बाहेरचे अंग फुगले. म्हणजे भिंत म्हातारी झाली म्हणून वाकली, असे नव्हे. तिचा श्वास कोंडला म्हणून ती वाकली. तेवढा भाग उतरवून, दगडांस क्रमांक घालून, त्याच दगडांनी चुन्यात पुन्हा बांधता येतो. पिंपळाची दोन रोपे माथ्यावर उगवली आहेत, ती ओढून काढू नयेत, कारण मुळांबरोबर दगड येतात; ती कापून मुळे मारावी लागतात.

दाराच्या खांबाचे दुखणे निराळे आहे. आपली भूमी काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि जो पाया मुरमापर्यंत गेलेला नसतो त्यास दरसाल थोडेथोडे उचलते व सोडते. वर्धेकडच्या प्रत्येक घरधन्यास हे ठाऊक आहे. त्यातच डाव्या खांबाच्या बुडाशी बागेच्या नळाचे पाणी मुरत आले आहे. शिवाय जड लोखंडी फाटक त्यास रात्रंदिवस आत ओढते. फाटकाच्या खिळी जुन्या काळी दगडात भोक पाडून, वितळलेले शिसे ओतून बसविलेल्या आहेत. शिसे जाऊन लोखंड उघडे पडले की गंजते, गंजले की फुगते, आणि फुगले की कठीणातला कठीण दगड उकलतो. उजव्या खांबावर तशी एक बारीक चीर दिसू लागली आहे. नळाची वाट बदलावी, खांब उतरवून मुरमापर्यंत पाया न्यावा, खिळी काढून नव्या बसवाव्या. ह्या तीन गोष्टींनी खांब आणखी दोन पिढ्या उभे राहतील असे गवंड्याचे मत पडले. त्या खांबांच्या चिऱ्यांवर टाकीचे घाव अजून स्पष्ट दिसतात, कडेने एक सारखी पट्टी सोडून मध्यभाग टिपलेला. ज्या पाथरवटाने ते टिपले त्याचे नाव कोणत्याही वहीत नाही. आम्हांस ते घाव हस्ताक्षरासारखे वाटतात.

येथवर आम्ही गवंड्याचे काम सांगितले. आता धर्मगुरूचे सांगावयास हवे. कारण एक आक्षेप उरतोच, आणि तो आमच्या एका तरुण मित्राने स्पष्ट बोलून दाखविला. तो म्हणाला, "फादर, सेवाग्रामास राहून दगडी भिंतीचे गोडवे गाणे शोभते काय?" प्रश्न धारदार होता, आणि आम्हांस तो आवडला.

गांधीजी १९३६ साली येथे आले तेव्हा ह्या गावाचे नाव शेगाव होते. सेवाग्राम हे नाव १९४० साली पडले. राहण्यासाठी जे बांधावयाचे ते आसपासच्या साहित्याने, गावच्या कारागिरांनी, अत्यल्प खर्चात, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून आदिनिवास, बापू कुटी, बा कुटी ह्या सर्व माती, बांबू, लाकूड व कौले ह्यांच्या. मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी हाताने खजुरीची झाडे उठविली, ती आपण पाहिलीच आहेत. त्या आवारात चिरेबंदी असे काही नाही. ज्यांच्या भेटीस देशोदेशींची माणसे येत, त्यांच्या दाराशी खांबदेखील नव्हते.

त्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर एक चित्र होते. १९४२ सालच्या जूनमध्ये लुई फिशर नावाचे अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामास राहिले, त्यांनी ते पाहून लिहून ठेविले आहे. चित्र प्रभू येशू ख्रिस्ताचे होते, आणि खाली इंग्रजीत तोच आमची शांती आहे अशा आशयाचे शब्द होते. ते शब्द संत पौलाचे, इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले. आणि आता मौज पाहा, बंधूंनो. त्या वाक्याचा उत्तरार्ध चित्राखाली नव्हता. उत्तरार्धात प्रेषित काय म्हणतो? ख्रिस्ताने दोघांमधील आडभिंत पाडून टाकिली, असे म्हणतो. भिंत पाडणाऱ्या प्रभूचे चित्र भिंतीवर होते, आणि ती भिंत मातीची होती!

ही आडभिंत कोणती? पुष्कळ भाष्यकारांचे म्हणणे असे की, प्रेषिताच्या डोळ्यांपुढे यरुशलेमच्या मंदिरातील दगडी कठडा असावा. बाहेरच्या अंगणात कोणीही यावे, परंतु त्या कठड्यापुढे परजातीयाने पाऊल टाकिले तर त्याच्या मरणास तोच जबाबदार, अशी ताकीद तेथे दगडावर कोरलेली होती. त्यांतील एक अखंड शिळा १८७१ साली क्लेर्मों-गान्नो ह्या फ्रेंच विद्वानास सापडली, ती कॉन्स्टँटिनोपलास नेण्यात आली; दुसरीचा तुकडा १९३५ साली मिळाला. मंदिर इसवी सन ७० मध्ये जळाले. ताकीद तेवढी वाचता येण्यासारखी राहिली. ही गोष्ट वाचताना आम्हांस शनिवारवाड्याचे खिळे आठवतात.

तेव्हा आमच्या तरुण मित्रास आमचे उत्तर असे आहे. प्रेषिताने पाडलेली म्हणून जी भिंत सांगितली, ती बागेभोवतीची नव्हे. ती देवाच्या घराच्या आतली. शेळ्यांपासून गुलाबाची रोपे राखणारी भिंत निराळी आणि प्रार्थनेस आलेल्या दोन माणसांमध्ये उभी केलेली भिंत निराळी. पहिलीस धर्मशास्त्राचा विरोध नाही. दुसरी मात्र आपण ख्रिस्ती लोकांनीही बांधली आहे, आणि सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी हे लपवून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. दक्षिणेस तिरुनेलवेली प्रांतात वडक्कनकुळम् येथे एकोणिसाव्या शतकात जे कॅथोलिक देवालय बांधले, त्याचे दोन निराळे भाग वेदीपाशी येऊन मिळत, एक उच्च म्हणविणाऱ्या जातींस, एक इतरांस. वेदी एक, प्रभुशरीर एक, आणि मध्ये भिंत. १९१० साली ती भिंत पाडण्यात आली. ती पुन्हा मिळावी म्हणून आपल्याच धर्मबांधवांनी न्यायालयाची पायरी चढली, आणि अखेर मद्रासच्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांचे म्हणणे अमान्य केले. पुढे १९२८ साली आपल्या ह्या वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ अस्पृश्य मानिलेल्या बांधवांस खुले केले. अशा गोष्टींची उजळणी केली म्हणजे कोणती भिंत पाडण्याची घाई करावयास हवी होती, ते कळते.

आणखी एक गोष्ट ह्याच गावची. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित. त्यांस महारोग जडला. येरवड्याच्या तुरुंगात त्यांची व गांधीजींची ओळख झाली होती. पुढे ते सेवाग्रामास आले. त्या काळी महारोग्यास गावात घेणे म्हणजे काय, हे जुन्या मंडळींस सांगावयास नको. गांधीजींनी त्यांस ठेवून घेतले, कुटी बांधून दिली, आणि स्वहस्ते त्यांच्या अंगाची मालिश केली. परचुरे कुटी आश्रमात आजही दाखवितात. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोग्यांच्या सेवेचे जे कार्य आरंभिले, तेही ह्याच भूमीतले. संत लूकाच्या शुभवर्तमानात एक श्रीमंत मनुष्य आहे, आणि त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजार पडलेला आहे. श्रीमंताने लाजारास मारले नाही, हाकलले नाही, शिवीही दिली नाही. त्यास दार होते, दारापाशी लाजार होता, आणि तो दारातून जा-ये करीत असे, एवढेच. त्या कथेत दारास दोष नाही. दार नसते तर लाजारास पडावयास जागाही नसती.

हे आम्ही अलंकार म्हणून सांगत नाही. आपल्या भिंतीच्या बाहेरच्या अंगास कोण बसते, हे समितीच्या सभासदांनी एखाद्या सोमवारी सकाळी येऊन पाहावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय सर्वांस ठाऊक आहे. १९६९ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यापासून चहूकडच्या जिल्ह्यांतून रोगी येतात. यवतमाळकडून, चंद्रपूरकडून रात्रीच्या गाडीने आलेली माणसे, पदरात तान्हे मूल घेतलेल्या बाया, काठी टेकीत आलेली म्हातारी माणसे आपल्या भिंतीच्या सावलीस टेकतात, शिदोरी सोडतात, आणि मग पुढे जातात. भिंत कमरेहून थोडी उंच, माथा सपाट, दगड सकाळी थंड. म्हणून ती तेथे बसतात. काचा लावलेल्या भिंतीपाशी कोणी बसत नाही. पुरुषाहून उंच भिंत घातली तर सावली अधिक पडेल, हे खरे. परंतु आतील माणूस त्यांस दिसणार नाही आणि ती आतील माणसास दिसणार नाहीत. श्रीमंताची अडचण त्या भिंतीने कायमची दूर होईल.

चोरीच्या भयाविषयी आमचे मत विचारले गेले, म्हणून सांगतो. निवासात चोरण्याजोगे जे आहे ते फार थोडे, आणि पवित्र भांडी देवळात कुलुपात असतात. रात्री फाटक लावावे, कुत्रे पाळावे. ह्याहून अधिक बंदोबस्ताची आवश्यकता आम्हांस दिसत नाही. कोणास दिसत असेल तर त्याने समितीत बोलावे.

मोटारींचा प्रश्न उरला. तो खरा आहे, आणि खांबांच्या प्रेमापायी तो उडवून लावणे योग्य नव्हे. वयोवृद्ध मंडळींस देवळापर्यंत वाहनाने यावे लागते, महोत्सवाच्या दिवशी रुग्णवाहिका आत येऊ शकली नाही हेही आम्ही पाहिले. त्यासाठी उत्तरेच्या बाजूस, जेथे भिंत मुळातच पडलेली आहे आणि दगड केव्हाच गेलेले आहेत, तेथे रुंद फाटक करावे अशी आमची सूचना आहे. तेथे नवे खांब सिमेंटचे केले तरी आमची हरकत नाही. नव्याने जुन्याचे सोंग घेऊ नये. पाहणाऱ्यास नवे ते नवे दिसावे. जुने दार माणसांसाठी राहू द्यावे. दोन माणसे व एक सायकल त्यातून सुखाने जातात, आणि पवित्र मरियेच्या मिरवणुकीची पालखी आजवर प्रतिवर्षी त्याच दारातून निघाली आहे.

आमची मागणी अशी. समितीने पाडण्याचा ठराव स्थगित करावा, आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याकडून अंदाजपत्रक मागवावे. असे गवंडी आता थोडे राहिले आहेत, पण विदर्भात अगदीच नाहीत असे नाही. काम पावसाळा सरल्यावर आरंभावे, कारण चुन्यास ओल हवी पण झोडपणारा पाऊस नको, आणि कडक उन्हाळ्याच्या आत संपवावे, कारण तो फार लवकर वाळला तर भुगा होतो. ताज्या कामावर ओली पोती टाकून ती दोन-तीन आठवडे भिजती ठेवावी लागतात. हे पोती भिजविण्याचे काम आमच्या तरुण मंडळींनी आपल्याकडे घ्यावे. मोलाची माणसे ते मन लावून करीत नाहीत, आणि बादली उचलण्यास धर्मशास्त्राच्या अभ्यासाची गरज नाही. दगडांस क्रमांक घालण्याचे काम शाळेच्या मुलांस द्यावे. खडूने नव्हे, डांबराने, नाहीतर पहिल्या सरीने पुसून जाईल.

बाहेरच्या अंगास, कडुनिंबाखाली, भिंतीच्या पायथ्याशी लांब दगडी ओटा घालावा आणि शेजारी पाण्याचा रांजण झाकण व ओगराळ्यासह ठेवावा, असे आम्हांस वाटते. दगड पडलेल्या उत्तर बाजूचेच वापरता येतील; आम्ही मोजले, ओट्यापुरते आहेत. रांजण रोज सकाळी भरण्याची पाळी कोणत्या कुटुंबाने कोणत्या वारी घ्यावी, ह्याची यादी आम्ही देवळाच्या मागील फळ्यावर लाविली आहे. सोमवार व गुरुवार अद्याप मोकळे आहेत.